बोटं मोजता येतील असं चित्र

धुळ्यात भाड्याची खोली बघायला गेलो, तर घरमालकांनी मला जात विचारली नाही, पगार विचारला नाही, मटण खाता का तेही विचारलं नाही. ओट्याखाली उभं ठेवून, डोळे बारीक करून त्यांनी एकच प्रश्न टाकला.

"मिक्सर आहे?"

मी नवा नवरा. आमच्या लग्नात आहेर म्हणून तीन भिंतीवरची घड्याळं, अकरा लेमन सेट आणि एक मिक्सर आला होता. मला वाटलं, म्हातारबांना वीजबिलाची काळजी दिसते. मी खालच्या आवाजात म्हणालो, "आहे, पण आम्ही फारसा वापरत नाही."

"फारसा म्हणजे किती? रविवारी दुपारी वापरता?"

"अजून रविवार आलाच नाही हो. लग्न मंगळवारी झालं."

"येईल," ते गंभीरपणे म्हणाले. "रविवार कुणाला चुकलेला नाही. दुपारी एक ते दीड मिक्सर नाही, ड्रिल नाही, शिलाईच्या मशीनची मोटर नाही, मोपेडला किक नाही. कबूल असेल तर सामान आणा. शिकवता काय कॉलेजात?"

"फिजिक्स."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. खेडुताने बाजारात बैल न्याहाळावा तसं. मग म्हणाले, "बरं झालं. गच्चीवर चढता येतं ना?"

हे आमचे आबा. सगळी गल्ली त्यांना आबाच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. धुळ्यातल्या जुन्या गल्ल्यांना नावं नसतात, नंबर असतात. आमच्या गल्लीचा नंबर सांगत नाही, कारण तिथे अजून माझे दोस्त राहतात आणि पुढचा मजकूर त्यांना आवडेलच असं नाही.

आबांनी सगळी नोकरी भुसावळला रेल्वेच्या वायरलेस खात्यात काढली होती. निवृत्त होऊन धुळ्याला वडिलांच्या घरी आले, तरी अंगातली खाकी अर्धी चड्डी आणि पायातले कॅनव्हासचे बूट निवृत्त झाले नव्हते. पांढऱ्याशुभ्र मिशा. चेहरा असा, की कुठल्याही क्षणी हा माणूस गाडी थांबवेल. आणि डोक्यात एकच विषय: टीव्हीचं चित्र.

तो काळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा. गावाबाहेर एक ठेंगणा टॉवर उभा राहिला होता, तो दिल्लीचा कार्यक्रम पकडून आमच्याकडे फेकायचा. पण टॉवर आणि आमची गल्ली यांच्यामध्ये एका कापूस-जिनिंगच्या पत्र्याच्या शेड होत्या. लहरी त्या पत्र्यावर आपटून आमच्याकडे दोनदा यायच्या, एकदा सरळ आणि एकदा वाकड्या वाटेने. त्यामुळे आमच्या गल्लीत प्रत्येक नटाला दोन नाकं होती, आणि वरून पडद्यावर ठिपक्यांच्या मुंग्या, जवळ मिक्सर फिरला की आणखी दाट.

मुंग्यांची प्रतवारी हा आबांचा खास विभाग. इतर लोक म्हणायचे "मुंग्या येतात." आबा म्हणायचे, "कोणत्या? नीट सांगा." जाड दाण्याच्या मुंग्या म्हणजे हरभरा, त्याहून बारीक ज्वारी, मग बाजरी, मग रवा. मैदा म्हणजे स्वच्छ चित्र. सकाळी दूध घ्यायला बाहेर आलेली माणसं एकमेकांना तब्येत विचारायची नाहीत.

"काय आबा, आज काय?"

"बाजरी. दुपारपर्यंत रवा होईल. वारा पडू दे."

आणि खरोखर व्हायचा! आता याला विज्ञान म्हणावं की भविष्य, हे मला पदव्युत्तर पदवी असूनही कळलं नाही.

आबांचं एक ठाम मत होतं. "सिग्नल हा पाहुणा आहे. दारात आला म्हणजे आला असं होत नाही. आत आला पाहिजे, बसला पाहिजे, जेवून गेला पाहिजे." लोक हसायचे. आवाज ऐकू येतोय, माणसं ओळखू येताहेत, मग दोन नाकं असली तर असू देत की! पण आबांची कसोटी निराळी होती. ते पडद्याजवळ जाऊन म्हणायचे, "त्या बाईच्या हाताची बोटं मोजा." मोजता आली तर चित्र. नाही आली, तर तो नुसता उजेड.

या वेडाचं कारण आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं. माझी बायको आबांच्या पत्नीला, म्हणजे अक्कांना, हळदीकुंकू द्यायला गेली आणि दहा मिनिटं एकटीच बोलून परत आली. अक्कांना ऐकू येत नव्हतं. लहानपणीच्या तापात कान गेले, मग बोलणंही राहिलं. शाळा पाहिलेली नाही. पण दोन्ही हातांनी त्या जे बोलायच्या, ते बघत राहावं असं असायचं. आबांशी तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हाताने संसार केला होता, आणि ती भाषा जगात दोनच माणसांना येत होती. आबांना आणि त्यांना.

त्या भाषेत प्रत्येकाला नाव होतं. समोरचे कापडवाले शेठजी म्हणजे कापडाचं ठाण झटक्यात उलगडल्याचा हात. कोपऱ्यावरचे टेलर मास्तर म्हणजे दातात धागा तोडणं. माझं नाव काय ठेवलंय ते मी मोठ्या हौसेने आबांना विचारलं. आबा आधी सांगेनात. शेवटी अक्कांनीच करून दाखवलं. हवेत खडूने लिहिणं, आणि मग एक मोठी जांभई.

"तुमचं शिकवणं तिने खिडकीतून पाहिलंय," आबा म्हणाले. त्या काळात मी घरी शिकवण्या घ्यायचो.

लग्न झाल्यावर आबांनी अक्कांना मोर्स शिकवायचा घाट घातला होता. मनगटावर टकटक करून. दुसऱ्याच धड्याला अक्कांनी त्या बोटांवर लाटणं मारलं. "मेसेज पोचला," असं आबा त्यावर म्हणायचे.

तर रविवारी दुपारी दिल्लीहून ऐकू न येणाऱ्यांसाठी बातम्या लागत. पंधरा मिनिटं. एक बाई हाताने बातम्या सांगायची. अक्का पहाटेपासून तयारीला लागायच्या. धुतलेलं लुगडं, कुंकू, आणि पडद्यासमोर पाट. ती दिल्लीची भाषा त्यांना पुरती कळायची असं नाही, निम्मी कळत असेल. पण उभ्या आयुष्यात हाताने बोलणारं तिसरं माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. त्या पंधरा मिनिटांत जगात त्या एकट्या नसायच्या. आणि त्या बाईला दोन नाकं असली तर चालतील, पण वीस बोटं कशी चालणार?

अक्का तिच्यावर टीकाही भरपूर करायच्या. आपण पुणेरी मराठीला हसतो ना, तसं. ती बाई पाऊस सांगताना चार बोटं नाजूकपणे खाली आणायची. अक्का कपाळावर हात मारून घ्यायच्या, मग उभं राहून खरा पाऊस कसा सांगतात ते दाखवायच्या. डोक्यावरून दोन्ही हात सपासप खाली, मग पदर झटकणं, मग चिखलात रुतलेला पाय काढणं. आबा मला सांगायचे, "ती म्हणते, या बाईने पाऊस कधी पाहिलाच नाही."

टीव्हीचा आवाज त्या पंधरा मिनिटांत बंद. सोबत निवेदन असायचं, पण आबा ते लावू द्यायचे नाहीत. "हा तिचा कार्यक्रम आहे. आपण बसायचं तर तिच्यासारखं बसायचं."

त्या काळी अँटेना फिरवणं हा साऱ्या गावाचा आरडाओरड्याचा सोहळा असायचा. वरून एक ओरडणार "आलं का?", खालून दुसरा "आलं, आलं, अरे गेलं, गेलं! मागे घे!" आमच्या घरात मात्र टाचणी पडली तर ऐकू यावी. मी गच्चीवर पाइप धरून उभा, आबा माझ्या शेजारी, आणि खाली अंगणात अक्का, खिडकीतून टीव्हीकडे बघत. त्यांच्या दोन्ही हातांत गार्डच्या झेंड्या, आबांनी भुसावळच्या दोस्ताकडून मिळवलेल्या. चित्र सुधारलं की हिरवी, बिघडलं की लाल. सुधारतंय पण मन भरत नाही, तर हिरवी हळूहळू डोलायची. गल्लीतली पोरं भिंतीवर बसून ही गाडी बघायची.

"प्रोफेसर, एक इंच टॉवरकडे!"

"आबा, एक इंच म्हणजे किती अंश?"

"वर्गात विचारा. इथे एक इंच."

पुढे मी जळगावला बदलून गेलो. आबांची पत्रं यायची, पोस्टकार्डं. पहिल्या ओळीत आशीर्वाद, दुसऱ्या ओळीत "हल्ली रवा." मग गल्लोगल्ली केबल आली, गच्च्यांवरचे अँटेने भंगारात गेले, आणि आज माझी मुलगी हातातल्या फोनवर सातासमुद्रापलीकडचं चित्र बघते. ते मध्येच अडकतं, गोल गोल फिरत राहतं. ती वैतागते, फोन खिडकीबाहेर धरते, हात उंच करते, एका पायावर उभी राहते. मी सोफ्यावरून म्हणतो, "एक इंच टॉवरकडे." ती म्हणते, "बाबा, प्लीज." आबा आता नाहीत, अक्काही नाहीत. मी हे कुणाला सांगू?

तुम्हाला सांगतो. बूस्टरचा रविवार सांगतो.

आधी शेठजींनी बूस्टर आणला. अँटेन्याच्या दांडीवर बसवायची छोटी डबी, सिग्नल मोठा करणारी. शेठजींच्या चित्रात थोडा फरक पडला, पण गल्लीत त्याचा बोलबाला फार झाला. मग टेलर मास्तरांनी आणला. मग सगळ्यांनीच. महिन्याभरात गल्लीतल्या प्रत्येक दांडीवर डबी आली आणि प्रत्येकाच्या पडद्यावर तिरप्या जाळ्या नाचू लागल्या. आबांनी दोन दिवस गच्चीवर बसून निदान केलं, अक्कांनाही हाताने समजावलं. हलक्या मालाचे बूस्टर नुसते घेत नव्हते, उलटे फेकतही होते. प्रत्येक घर दुसऱ्याच्या चित्रात धूळ टाकत होतं.

आबांनी आमच्या ओट्यावरूनच समोर शेठजींना हाक मारली. मी मागे, शास्त्राचा साक्षीदार म्हणून.

"शेठ, तुमचा बूस्टर माझ्या घरात येतो."

शेठजींचं घराणं राजस्थानातून येऊन धुळ्यात मुरलेलं. मराठी आमच्याहून चोख. आपल्या दारात बसून त्यांनी शांतपणे पान लावलं. "आबासाहेब, बूस्टर माझ्या गच्चीवर. माझ्या पैशाचा. त्याला पाय नाहीत. तुमच्या घरात कसा आला?"

"सगळे एकदम ओरडले तर ऐकणार कोण?"

"मग तुम्हीपण घ्या की एक," शेठजी म्हणाले. "तुम्हीपण ओरडा."

हे वाक्य आबांना लागलं. एका रविवारी बातम्यांच्या जागी जाळ्या. दुसऱ्या रविवारी जाळ्या. तिसऱ्या रविवारी अक्का पाटावर बसल्या, पाच मिनिटं पडद्याकडे पाहिलं, आणि पाट उचलून भिंतीला लावला. झेंड्याही घडी करून फडताळात ठेवल्या. आबांशी आठवडाभर त्यांचे हात फारसे बोलले नाहीत. आबांचं जेवण कमी झालं. एवढा मोठा माणूस, आगगाड्यांशी बोललेला, बायकोला पंधरा मिनिटं देऊ शकत नव्हता.

आणि मग त्यांनी ठरवलं, आपणही ओरडायचं.

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी स्वतः बूस्टर बांधला. बाजारच्या बूस्टरमध्ये एक ट्रान्झिस्टर, यांच्यात पाच. आकृती मला दाखवली. मी चष्मा वर करून, खाली करून म्हणालो, "उत्तम!" माझ्या शैक्षणिक कारकिर्दीतला हा सर्वांत महाग शब्द.

रविवारी सकाळी तो गच्चीवर चढवला. त्या काळी रविवारची सकाळ म्हणजे काय, ते सांगायला नको. पौराणिक मालिका. रस्ते ओस, टीव्हीला हार, समोर उदबत्ती, शेजारच्या खेड्यांतून आलेले पाहुणे सतरंजीवर. त्या दिवशी तर युद्धाचा भाग होता. धनुष्य ताणलेलं होतं.

आता आबांना रेल्वेची एक सवय होती. दोन तारा मोकळ्या दिसल्या की त्या मेणाच्या दोऱ्याने, बोटभर अंतरावर गाठी मारत, एकत्र बांधायच्या. लष्करी शिस्तीत. त्यांनी अँटेन्यातून डब्यात जाणारी तार आणि डब्यातून बाहेर पडणारी तार अशी सुरेख बांधली, की मी मनात म्हटलं, काय काम आहे! डब्यातून निघालेलं शेजारच्या तारेतून पुन्हा डब्यात शिरत होतं, पाचपट होऊन. तिथून पुन्हा. आबांनी बूस्टर नव्हता बांधला. त्यांनी त्या गावठाणातला दुसरा टॉवर उभा केला होता.

बटण दाबलं.

प्रत्येक घरातून अहिराणीत एकच आवाज.

"गये! बठ्ठं गये!"

बाण सुटायच्या आत देव, दानव, रथ, सगळे काळ्या पट्ट्यांत गडप. टेलर मास्तर अँटेना फिरवायला धावत वर चढले आणि घाईत पत्र्यावरून घसरून शेजारच्या कडब्यावर पडले. पाच मिनिटांत गल्ली आमच्या दारात. कुणाच्या हातात आरतीचं ताट तसंच. शेठजी सर्वांत पुढे.

"आबासाहेब, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ओरडा," आबा गच्चीवरून म्हणाले. आवाजात दम नव्हता.

"अरे, देवाला तरी सोडायचं होतं!"

मी पाण्याच्या टाकीमागे होतो. शास्त्राने अशा वेळी टाकीमागे राहावं.

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. तोंडं उघडी, हात वर, सगळे आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवताहेत, एवढं त्यांना पुरे झालं. घरातला कोयता उचलून त्या शिडीने वर आल्या, बांधलेल्या तारा पाहिल्या, आणि एका घावात तोडल्या. गल्लीत देव परतले, पण बाण लागून गेला होता.

मग त्या खाली गेल्या, फडताळातली लाल झेंडी काढली, आणि सरळ शेठजींच्या घरात शिरल्या.

हे केवढं मोठं होतं ते सांगतो. इतक्या वर्षांत अक्का गल्लीतल्या कुणाच्या उंबऱ्याआत गेल्या नव्हत्या. लोक त्यांच्याशी बोलायचे नाहीत, लोक आबांशी बोलायचे. शेठाणीबाईंच्या समोर उभं राहून अक्कांनी झेंडीने गच्चीवरच्या डबीकडे दाखवलं. मग स्वतःचे डोळे. मग दहा बोटं पसरून ती एकमेकांत गुंतवून घुसळून टाकली. मग हात जोडले नाहीत. झेंडी वर धरून उभ्या राहिल्या, गाडी थांबेपर्यंत हलणार नाही अशा.

शेठाणीबाई घुंघट सावरत उठल्या आणि बूस्टरचं बटण बंद केलं.

मग पुढचं घर. मग त्यापुढचं. गल्लीतला एकही माणूस नाही म्हणू शकला नाही. आबांना सतरा कारणं सांगणारी माणसं! एक वाजेपर्यंत अक्का सगळी गल्ली फिरल्या, आणि घराघरातून निराळाच आवाज येऊ लागला.

"आँ? आपलं चित्र तर सुधारलं!"

"ओ मास्तर, तुमनं?"

"एकच नाक शे वो!" कमरेला हळद लावलेले टेलर मास्तर आतून ओरडले.

खात्री करायला सगळे आमच्याकडे लोटले. अक्कांनी पाट मांडला होता. पडद्यावर दिल्लीची बाई. हात स्वच्छ, बोटं दहा. आवाज बंद. पंधरावीस माणसं दाटीवाटीने उभी, आणि कुणाला काही कळेना.

टेलर मास्तरांनी आबांच्या कानाशी विचारलं, "ती काय म्हनस?"

"माले काय इचारस?" आबा म्हणाले. "तिले इचार."

टेलर मास्तर गोंधळले. मग पुढे झाले, आणि अक्कांसमोर वाकून, भुवया उंचावून, हाताचा पंजा गोल फिरवला. काय?

अक्कांनी वर पाहिलं. सगळी गल्ली त्यांच्या हातांकडे बघत होती. त्या उठल्या, पदर खोचला आणि पडद्याशेजारी उभ्या राहून बातम्या देऊ लागल्या. कुठेतरी पूर आला होता. अक्कांचा पूर असा आला की पुढची दोन माणसं मागे सरली. आबा शेजारी उभं राहून आमच्यासाठी बोलत होते, कधी मराठीत, कधी अहिराणीत, धापा टाकत.

पंधरा मिनिटांनी दिल्लीची बाई गेली. अक्का थांबल्या नाहीत. त्यांनी गल्लीच्या बातम्या सुरू केल्या! इतक्या वर्षांच्या, खिडकीतून नि गच्चीवरून पाहिलेल्या. ठाण उलगडणारे उपवासाच्या दिवशी गोदामामागे भजी कशी खातात, इकडेतिकडे बघत. दातात धागा तोडणारे दुकानाचं दार अर्धं लोटून गिऱ्हाइकाचा कोट घालून आरशासमोर कसे चालतात. खडू आणि जांभई घरात भांडी घासतात आणि कुणी आलं की पटकन पुस्तक धरतात. शेठाणीबाई घुंघटात तोंड लपवून हसून हसून भिंतीला टेकल्या. शेठजी म्हणत होते, "आबासाहेब, भाषांतर बंद करा!" आणि स्वतःच अक्कांना खुणेने विचारत होते, आणखी कोण? आणखी कोण?

त्यानंतर रविवारी दुपारी एक वाजता गल्लीतले बूस्टर आपोआप बंद होऊ लागले. बहुतेकांनी ते पुन्हा लावलेच नाहीत.

पण त्या दिवशी, सगळे निघून गेल्यावर, अक्का आबांकडे वळल्या आणि हाताने भराभर काहीतरी म्हणाल्या. आबा ओट्यावर येऊन बसले. मी शेजारी बसलो.

"आबा, काय म्हणाल्या अक्का?"

"काही नाही."

"सांगा की."

त्यांनी तोडलेल्या तारेचा तुकडा खिशातून काढला, त्याच्यावरची एक एक गाठ सोडवत राहिले.

"म्हणते, सारा जन्म वायरलेसमध्ये घालवला. समोरच्या घरी बातमी पोचवायला तिथे चालत जावं लागतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही?"